रोहणाच्या ढोलीतला रानपिंगळा आणि शकुनबाईंची पात

शकुनबाईंना पक्षी पाहण्याचा छंद आहे असं कुणी म्हटलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसतील. त्यांचं माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागांतलं. सासर धारणीच्या अलीकडे, जंगलाला खेटून असलेल्या माळ्यांच्या चार एकरांत. नवरा पुंजाराम परतवाडा-धारणी जीप चालवतो आणि सकाळी निघाला की अंधार पडल्यावरच परततो. शेतात राबतात त्या शकुनबाई. शेतात काय करायचं हे ठरवतात त्यांचे भासरे, म्हणजे पुंजारामचे थोरले भाऊ देवीदास.

मी अमरावतीत एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. शकुनबाईंचा मुलगा गोपाल माझ्या अगदी शेवटच्या वर्गात होता. गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. "सर, माय म्हन्ते का आपल्या वावरात पिंगळा भर दुपारी शिकार करते. असं असते का?"

"नसतं," मी म्हणालो. आधी नाही म्हणायचं आणि मग विचार करायचा, ही माझी जुनी खोड. विचार केला तेव्हा झोपच उडाली. भर दुपारी शिकार करणारा पिंगळा मेळघाटात आहे, पण तो घराच्या वळचणीला बसणारा आपला नेहमीचा पिंगळा नव्हे. तो रानपिंगळा. शंभरावर वर्षं तो कुणाला दिसला नव्हता. संपलाच असं धरून लोक मोकळे झाले होते. १९९७ साली तो सातपुड्यात पुन्हा सापडला. अजूनही त्याच्याबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक आहे. तो जंगल सोडून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कितपत येतो, दिवसभरात किती वेळा खातो, पिल्लांना काय भरवतो, या सगळ्यावर माझ्यासारख्या माणसाने आनंदाने म्हातारपण घालवावं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दुर्बीण घेऊन तिथे पोचलो. शकुनबाईंनी मला धुऱ्यावरचं वाळलेलं रोहणाचं झाड दाखवलं. झाडाच्या एका अंगाला हरभरा, दुसऱ्या अंगाला हिरवागार कांदा. वरच्या निष्पर्ण फांदीवर तो बसला होता, गुबगुबीत, पांढऱ्या पोटाचा, शेपटी डावी-उजवी झटकत.

"गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर तीळच तीळ असते," त्या म्हणाल्या. "याचं डोकं साफ हाये. अन् पाय पाहा ना, कसे जाडजूड."

पुस्तकात ही खूण शोधायला मला चष्मा आणि अर्धी दुपार लागली असती. बाईंनी ती खुरपं हातात घेऊन, कमरेत वाकून, कामाच्या मधे मधे टिपली होती. त्या क्षणी मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला, हे कबूल करतो.

"एक ढोलीत राह्यते, मादी असन. दुसरा आनून देते. पालीसारखे सरडे, सापसुरळ्या, कधी उंदराचं पिल्लू."

"किती वेळा येतो?" मी वही उघडली.

"पयले एका पातीत एकदा येत होता. आता तीनदा येते."

मी कांद्याकडे पाहिलं. हिरवी, गुडघ्याला लागेल अशी पात वाऱ्यावर डोलत होती. मी लिहिलं: नर कांद्याच्या पातीत शिरून शिकार करतो, प्रमाण वाढले आहे. खाली दोन रेघा ओढल्या. रानपिंगळा कांद्यात शिकार करतो हे जगात अजून कुणी लिहिलेलं नव्हतं, आणि ते मी लिहिणार होतो.

पुढचे दोन दिवस मी त्या कांद्याकडे टक लावून बसलो. नर पातीत एकदाही उतरला नाही. कंटाळून दुसरीकडे पाहिलं की पक्षी नेमका झाडावर दिसायचा आणि लगेच दिसेनासा व्हायचा.

त्या घरात तेव्हा लगीनघाई होती. देवीदासची मुलगी करिश्मा, तिचं लग्न फेब्रुवारीच्या शेवटी. स्वयंपाकाला सरपण हवं, म्हणून रोहण तोडायचं देवीदासने ठरवलं होतं. शिवाय लग्नघराच्या वावरात घुबडाचं बिऱ्हाड कुणाला हवंय? पण माणूस दुष्ट नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला सरळ विचारलं, "सर, ढोलीत अंडेपिल्लं काही हाये का? असन तर थांबतो."

आणि कांद्याच्या नादात ढोलीतली मादी विसरून मी शहाण्याने सांगितलं, "नसावं. तो इथं नुसता कांद्यात शिकारीला येतो."

"मंग ओमप्रकाशले उद्या सकाळी कुऱ्हाड घेऊन ये म्हन्तो," देवीदास म्हणाला.

हे बोलणं चालू असताना शकुनबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला, पण त्या वळून गोठ्यात गेल्या. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर पदर पुढे ओढायचा, ही त्या घरची रीत. काही सांगायचं तर पुंजारामकडून नाहीतर करिश्माकडून. आणि सरांनीच नाही म्हटल्यावर मला तरी त्या काय सांगणार? पुंजाराम त्या रात्री जीप घेऊन धारणीतच मुक्कामी आणि करिश्मा गोपालला घेऊन कापड घ्यायला अमरावतीला गेलेली. देवीदासही त्यांना कधी हाक मारत नसे. कामच पडलं तर 'गोपालची माय' असं भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचा. बावीस वर्षं असंच चाललं होतं.

सकाळी मी धुऱ्यावर गेलो तेव्हा हरभऱ्यात चार बाया निंदत होत्या. चौघी एका रेषेत, प्रत्येकीपुढे तणाची एकेक पट्टी. पलीकडच्या टोकाला पोचून एक बाई कंबर सरळ करत ओरडली, "माही पात लागली वं!"

मी जागच्या जागी उभा राहिलो. मग धावत शकुनबाईंकडे गेलो. "बाई, पात म्हणजे ही? निंदायची?"

"मंग कोन्ती?" त्या चकित होऊन म्हणाल्या.

"एक पात संपायला किती वेळ?"

"घंटाभर तरी लागतेच ना."

तासाला एक खेप होती, ती तीन झाली होती. मादी अंडी उबवत असताना नर एकटीपुरतं आणतो. पिल्लं निघाली की त्याला उसंत नसते. ढोलीत पिल्लं होती. बाईंनी ते मला मिनिटांच्या हिशेबात सांगितलं होतं आणि मी ते कांद्यात घातलं होतं.

रोहणापाशी देवीदास आणि ओमप्रकाश पोचले होते. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसलाही. मी ओरडत गेलो, "थांबा! पिल्लं आहेत त्यात!"

देवीदासने हात वर करून ओमप्रकाशला थांबवलं, पण चिडून. "सर, काल तुमीच म्हटलं काही नाई. आज म्हन्ता पिल्लं. काहून असं करून राहिले? उद्या आनखी काई म्हनसान."

त्याने तरी माझं का ऐकावं? एकतीस वर्षांची माझी पत त्या धुऱ्यावर एका दिवसात गेली होती. ओमप्रकाशने पुन्हा कुऱ्हाड उचलली.

"भाऊजी."

पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात मातीने भरलेलं खुरपं, नजर झाडाच्या बुंध्यावर.

"सर चुकले. म्या पातीचं सांगतलं, त्याईले समजलं नाई. पिल्लं हायेत. तो दिवसभर आनून राह्यला, मी रोज मोजते. एक महिना द्या. लग्नाचं सरपन मी जमा करून देते, डोक्यावर आनते. पन हे नका तोडू."

निंदणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. देवीदासने खाली पाहिलं, मग वर ढोलीकडे. तेवढ्यात नर चोचीत सरडा घेऊन आला, आम्हा सगळ्यांना पाहून पलीकडच्या फांदीवर बसला आणि शेपटी झटकू लागला.

"चाल ओमप्रकाश, नाल्याकडची बाभूळ पाहू," देवीदास म्हणाला. शकुनबाईंकडे न पाहता तो वाटेला लागला.

मी अमरावतीला परतलो. वहीतलं ते पान फाडलं नाही, नुसतं खोडलं. चूक दिसत राहिलेली बरी. त्यानंतर शकुनबाई रोज फोनवर खेपा सांगायच्या आणि मी पातींचे तास करून लिहायचो. देवीदास आता येता-जाता रोहणाखाली थांबतो असं त्या एकदा म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या आठ तारखेला सकाळीच फोन वाजला. "सर, निघाले! दोनी पिल्लं निघाले!"

मी वही ओढली. "किती वाजता? आधी कोणत्या फांदीवर बसली? मादी जवळ होती का?"

या बाई एरवी वेळ आधी सांगायच्या; आज त्यांनी दुसरीकडूनच सुरुवात केली.

"मी कांद्यात होती, सर. भाऊजी झाडाखाली होते. त्याईनं हाक मारली. 'शकुन, धाव, पिल्लं निघून राह्यले!' नाव घेऊन, सर."

"बरं, मग? पिल्लं कुठं गेली?"

"धावत आली मी. पन कोन्त्या फांदीवर गेली थे मी पायलंच नाई, सर. मी भाऊजीकडेच पाहून राह्यली होती."