पालथी वाटी

"यमुनामाय गेली वं कमल," दादा दारातच म्हणाला. कापूस विकायला तो वाशीमला आला होता, तशी वाट वाकडी करून माझ्या खोलीवर आला. त्याला आता महिना होईल. यमुनामाय म्हणजे मालेगावजवळच्या आमच्या गावची सुईण. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मले, पण तिच्यासाठी शोकसभा झाली नाही, होणारही नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी वाढले ती पत्रकांवर. वडील सभेहून आणत, मी तोंडपाठ करी. अठराव्या वर्षी गावच्या पारावर अंधश्रद्धेविरुद्ध भाषण ठोकणारी मुलगी मी. त्याच वर्षी दादाला पहिला मुलगा झाला. रीतीप्रमाणे तीन दिवस त्याला गुळाचे पाणी आणि शेळीचे दूध कापसाच्या वातीने पाजले. शांतावहिनीचा पहिला पिवळा चीक "लेकराले बाधते" म्हणून आईने भुईवर पिळून टाकायला लावला. वात भिजवून देत होती यमुनामायच. चौथ्या दिवशी बाळाला हगवण लागली, पाचव्या दिवशी ते गेले. सटवाईने नेले, असे सगळे म्हणाले... आणि पारावर गरजणारी मी गप्प बसले.

दोन वर्षांनी वहिनीला मुलगी झाली, भर दुपारी. आईने मधाची वाटी आणि सोन्याची अंगठी तयारच ठेवली होती. पहिला मध जो चाटवील त्याचे गुण लेकराला येतात, अशी आमच्याकडे समजूत. आई मला म्हणाली, "कमल, तूच चाटव. तू आत्या हायेस. तुह्यासारकी शिकली-सवरली निंगन." आज सांगायला लाज वाटते, पण मी हरखले. साऱ्या पत्रकांचा मला विसर पडला. मी अंगठी मधात बुडवलीसुद्धा.

"थांब वं," यमुनामाय बाळाला पुसता पुसता म्हणाली. "कमलच्या माय, तुमी एक सांगा. म्हस व्याली का वगारीले पयले काय पाजता?"

"चीक," आई म्हणाली. "नाई पाजला तं वगार जगते काय?"

"मंग लेकराचा चीक भुईवर काहून पिळता? लेकरू वगारीहून सवंग हाये काय?"

"माह्या सासूपासून असंच हाये. घट्ट चीक बाधते लेकराले."

"मागच्या खेपेले बाधू नाई देला आपण. मंग कुठं हाये ते लेकरू?"

यमुनामायने बाळाला दुपट्यात गुंडाळले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "वात मीच भिजवून देत होती. मले तवाच वाटे, पन मी बोलली नाई. आता बोलून राह्यली. उद्या बलावलं नाई तं नका बलावू." तिचे पोट याच कामावर होते. आमच्या घराने दार बंद केले असते, तर आणखी दहा घरांनी केले असते. आईचे तोंड उतरले. तेवढ्यात बाजेवरून वहिनीने, जिने सासूसमोर कधी मान वर केली नव्हती तिने, दोन्ही हात पुढे केले. "द्या माही लेक इकडं."

बाळाने दोनदा तोंड फिरवले आणि तिसऱ्यांदा धरले. यमुनामाय माझ्याकडे वळली. "कावं, तुह्या कागदाइत हे लिहेल हाये काय?" नव्हते. माझ्या कागदांत सावकार होते, भोंदू होते. पहिल्या घोटाबद्दल एक ओळ नव्हती. तिने वाटीतला मध माझ्या तळहातावर ओतला. "घे, चाट तूच. तुहे गुन तुह्याजोळच राहू दे." बाजेवर वहिनी हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा. रिकामी वाटी यमुनामायने कोनाड्यात पालथी घातली.

ती मुलगी आता शेतापर्यंत धावते.

परवा गावी गेले होते. शेजारची रखमा लगबगीने आली. सुनेला मुलगा झाला होता, तिला मध हवा होता. आई उठली, कोनाड्यापाशी गेली, वाटीवर हात ठेवला... आणि तशीच वळली.

"अंगावर पाजलं काय?"

"नाई अजून."

"मंग मध कायले मांगतं? आंधी छातीले लाव त्याले. जाय, मी आलीच."

आईने डोक्यावर पदर घेतला आणि रखमाच्या मागोमाग बाहेर पडली. वाटी कोनाड्यात पालथीच होती.