अक्कांची येळवस

लग्न होऊन आले त्यानंतर बरीच वर्षं मी अक्कांना मांडी घालून बसलेलं पाहिलंच नव्हतं. जेवायच्या त्यासुद्धा उकिडव्या, कधीही उठायच्या तयारीत. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मुडबीच्या आमच्या घरात सासूबाई नव्हत्या, त्यामुळे सगळा कारभार त्यांचाच. मी भाकरी थापायला बसले की परात ओढून घेत. "सर धाकले, तुझी भाकर व्हईस्तोवर दिवस मावळंल." असा राग यायचा मला!

अशा बाईला छातीचं दुखणं लागलं. पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. निजामाचं राज्य, आमच्या बाजूला डॉक्टर कुठला? अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, चिटगुप्प्याच्या हकीमसाहेबांना गाडीतून आणलं. त्यांनी नाडी धरली आणि बजावलं, "इनकू हिलने नक्को देव," यांना हलू देऊ नका. हे दुखणं बरं होणारं नाही, हे मात्र त्यांनी अण्णांना अंगणात हळूच सांगितलं. अक्कांनी आतून ऐकलं. "पाय सुजल्यात माझे, कान न्हाई," त्या मला म्हणाल्या.

तेव्हापासून अक्कांऐवजी त्यांची बाज घरभर फिरू लागली. सकाळी अंगणात, दुपारी गोठ्यापाशी. "हिकडं ओढ. तिथनं चूल दिसंना." आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून पाठीशी वाकळांची वळकटी लावायचो. तुरीच्या शेंगा सोलायला द्यायचो. शेंगा संपल्या की त्या वाकळेचेच टाके उसवून पुन्हा घालत बसायच्या. "पड की जरा," असं अण्णा म्हणाले की भडकायच्या, आणि अण्णा दिवसभर तेच म्हणायचे. भ्यायले होते ते. आम्ही सगळेच भ्यायलो होतो.

त्यात येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडे अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची खोप उभारायची, पांडवांची पूजा करायची, मग उभ्या जोंधळ्याभोवती आंबील शिंपत फिरायचं. ती फेरी अक्कांची. अण्णांनी युक्ती काढली. खोप अंगणातच उभी केली, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून आत मांडले. अक्कांना गाडीचे हिसके नकोत. मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं.

बाहेर गाड्या घुंगरं वाजवत शेताकडे चालल्या होत्या. अक्का खोपीकडे बघत राहिल्या.

"सुतकातलं घर शेतात जात न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं सुतक आजच धरायलाव व्हय?"

"वाटंत काई झालं म्हंजे?" अण्णांचा आवाज फाटला.

"मग घरात काई व्हणार न्हाई का?"

अण्णा उठले आणि बैल सोडायला गोठ्यात गेले.

गाडीत कडबा अंथरला, त्यावर वाकळा. तरी प्रत्येक हिसक्याला अक्कांचे ओठ काळेनिळे पडत होते, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते, अक्कांना जास्त. शेतात पुन्हा खोप उभी केली, पूजा झाली. अक्कांनी आंबिलीची घागर ओढली, उठायला गेल्या, बसल्या. पुन्हा उठायला गेल्या. मग घागर माझ्यापुढे सरकवली. "जा, तू शिंप." आपलं काम त्यांनी आपणहून कुणाला दिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी निघाले. मागून आवाज होताच, "बांधाकडं शिंप! सांडू नगं!" लांबच्या कोपऱ्यावर पोचले आणि आवाज थांबला. माझे पायही थांबले. वळून पाहिलं तर अक्का खोपीला टेकून स्वस्थ बसल्या होत्या, चक्क मांडी घालून. त्यांनी हातानं खुणावलं, जा पुढं.

जोंधळा काढायच्या आधीच त्या गेल्या. त्या दुपारी मी त्यांचा हात धरून बसले होते. चुलीवरचं दूध उतू जायला लागलं. अक्कांनी हात सोडवून घेतला आणि तीच खूण केली. दूध उतरवून आले, तर हात वाकळेवर पडला होता.

आता फेरी माझी असते. लांबच्या कोपऱ्यावर पाय अजून थांबतात, मी वळून बघते. मागून कुणी ओरडत नाही. मग मीच मोठ्यानं म्हणते, "बांधाकडं शिंप!"