चेंबरमधला सूर

माझ्या भाचीइतका नाजूक कान आणि इतकं हट्टी डोकं देवाने पुन्हा कुणाच्या मानेवर एकत्र ठेवलं नसेल. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी, सुरात असलेल्या आणि नसलेल्या. कुकरची शिट्टी झाली की ती नाक मुरडून "आज चढलाय" म्हणते आणि तिची आई, म्हणजे आमची अक्का, घाबरून गॅस बंद करते. जामनेरच्या एका लग्नात वरात ऐन रंगात आली असताना ही बँडच्या क्लॅरोनेटवाल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याचा निषाद ठिकाणावर येईपर्यंत हलली नाही. नवरदेव बिचारा घोड्यावर घामाघूम. धुळ्याला गुरुजींकडे व्हायोलिन शिकायला जायची तेव्हा एसटीत सावलीची जागा व्हायोलिनला, स्वतः उभी. कंडक्टरने विचारलं, "ताई, इथं कोण बसलंय?" तर म्हणाली, "त्याला ऊन बाधतं."

ऊन हा तिचा खरा वैरी. वैशाखात आमच्याकडे खुंट्या सैल पडतात, तारा उतरतात आणि वाजवणारा रडकुंडीला येतो. दाजींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, सावद्याला केळी पिकवण्याचा धंदा. कच्ची केळी थंडाव्यात पिकत ठेवायच्या चेंबरला लागून असलेली खोली तेवढी गार, म्हणून तिने तिथेच बस्तान मांडलं. कोपऱ्यात जुना कॉम्प्रेसर घूं घूं करतोय, भोवती क्रेट रचलेत आणि मधोमध मांडी घालून ही यमन घोटतेय, असं वर्षानुवर्षं चाललं. तिच्या ओढणीलाही पिकल्या केळ्यांचा वास यायचा. दाजी आत डोकावत ते माल बघायला. गाण्यातलं त्यांना काही कळत नसे आणि ते तसं लपवतही नसत. "पोरी, एक कार्यक्रम कर. जमला तं जमला, नाही तं बी.एड.ले जाय," हा त्यांचा निकाल. हट्टी पोरीने तो मान्यही करून टाकला.

तो कार्यक्रम धुळ्याला होता. गुरुजी पहिल्या रांगेत आणि त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले दाजी. हिने पहिला सा लावला, तो थेट तानपुऱ्याच्या यंत्राशी भांडायला उठला. केसभर खाली. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. यंत्राप्रमाणे तारा चढवल्या तर हिचा चेहरा काढा प्यायल्यासारखा होई आणि हात आपोआप खुंट्या उतरवी. तबलजी हातोडी मारून मारून थकला. "हाऊ कोनता सूर शे वं ताई?" त्याने हळूच विचारलं, पण माइकने ते सगळ्यांच्या कानी घातलं. लोक हसले. तिचे डोळे भरले. मला बी.एड.चा वर्ग दिसू लागला.

तेवढ्यात दाजी ताडकन उठून म्हणाले, "अरे, हा तं आपल्या चेंबरचा आवाज हाये! कॉम्प्रेसरचा!"

गुरुजींच्या तोंडून इतक्या वर्षांत तिच्यासाठी साधं "बरं" निघालं नव्हतं. ते आधी पोट धरून हसले. मग स्वतः मंचावर चढले, यंत्राचं बटण फिरवून तानपुरा खाली आणला आणि तबलजीला म्हणाले, "तूही उतर. पोरगी आहे तिथेच बरोबर आहे." त्यानंतर तिने जे वाजवलं, त्याचं वर्णन करायची माझी लायकी नाही. मी रडलो एवढं खरं. परतताना गाडीत दाजी म्हणाले, "आपलं मशीन इतकं चांगलं वाजते, मले माहीतच नव्हतं." बी.एड.चा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता ती पुण्याला असते, गावोगाव वाजवते. दाजींनी चेंबरला नवं मशीन बसवलंय, त्याचा आवाजच येत नाही. परवा मी जळगावहून सावद्याला गेलो तर त्या खोलीत जुनाच कॉम्प्रेसर घूं घूं करत होता आणि दाजी एकटेच पालथ्या क्रेटवर बसले होते.

"नवं बिघडलं का?" मी विचारलं.

"नाही. आज नाशिकले तिचा कार्यक्रम हाये," ते म्हणाले आणि सरकून त्यांनी मला जागा करून दिली.