अळू आणि मानाची पाहुणी

अळू चिरून बोटं काळी पडतात आणि डोक्यात किस्से साचतात. बोटं चिंचेनं घासून निघतात, किस्से नाही निघत! बेलापुरात मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकाला आम्ही तिघी. मी, सखूआक्का आणि रेखा. इतकी वर्षं तेच अळूचं फदफदं. वीट आलाय. तरी सांगते.

*

आमचा नियम आहे. अळू चिरताना 'खाज' म्हणायचं नाही. म्हटलं की अळू ऐकतो आणि घसा धरतो. म्हणून आम्ही 'पाहुणी' म्हणतो.

रेखा नवी होती तेव्हा किंचाळली, "आक्का, पाहुनी आली वो!"

नवरीची आई धावत आत. "कोन आलं? किती ताटं वाढवू?"

*

पुण्याच्या एक मॅडम दोन वाट्या ओरपून आत आल्या. "अळू ऑरगॅनिक आहे ना?"

मी दमलेली. म्हटलं, "मोरीच्या पान्यावरचा हाय. अजून किती ऑरगॅनिक पायजे?"

*

एका बारशाला रेखा चिंच घालायला विसरली. पंगतीच्या पंगती खाकरत उठल्या! मॅनेजर म्हणाला, "पुन्हा एकाचा जरी घसा धरला, तर तिघी घरी. केटरिंगवाला आणतो."

आक्का पाथर्डीची. ऊसतोडीत गुडघे गेलेले. रात्रंदिवस उभं राहणं आता जमत नाही. म्हणाली, "बसून करायचं काम मला येवढंच राह्यलंय गं." तेव्हापासून चिंच आक्काच्या हातात.

*

आषाढातलं शेवटचं लग्न. नवरदेवाचा मामा सकाळपासून पेटलेला. फेटा फिका, खुर्ची मागं, मान नाही! "वरात माघारी नेईन!" नवरीचा बाप हात जोडून मागं मागं. नवरी आमच्या भांड्यांच्या खोलीत येऊन रडली. आक्कानं एक छोटं पातेलं वेगळं काढलं.

राग उतरावा म्हणून मामाला अक्षतांच्या आधीच जेवायला बसवलं. गुडघे धरत आक्का स्वतः वाढायला गेली. त्याची वाटी छोट्या पातेल्यातून भरली.

मामा ओरडायला उठला. तोंड उघडलं, आवाजच नाही! नुसतं "ख्ख... ख्ख..." तिकडं अक्षता पडल्या.

मॅनेजर धावत आला. "कुणाचा घसा धरला?"

नवरीचा बाप म्हणाला, "कुनाचा न्हाई! धाकटीच्या लग्नाला बी याच बाया पायजेत!"

रेखानं हळूच विचारलं, "आक्का, मामाच्या पातेल्यात चिंच घातल्ती ना?"

आक्का पातेलं घासत म्हणाली, "मानाची पाहुनी हुती. मानकऱ्याकडं धाडली!"