न मागणाऱ्या बाईवरचा लेख

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी माझ्या आईचं नाव आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रभुभोजनाच्या यादीतून काढण्यात आलं. कारण एका शब्दात दिलं होतं: क्वाएटिझम. खाली पाळकांची सही होती.

दुष्काळ होता. नव्या कलेक्टर कचेरीसमोर टँकरचे अर्ज घेऊन माणसं उभी असत. चर्चमध्ये पावसासाठी उपास-प्रार्थना चालू होती. रीत अशी, की प्रत्येकाने पाळीने उभं राहून मोठ्याने पाऊस मागायचा. आई दवाखान्यात नर्स होती. तिची पाळी आली की ती उभी राही, डोळे मिटी आणि गप्प राही. असं तीन रविवार झालं.

"सिस्टर, मागा की," पाळक म्हणाले.

मागच्या बाकावरून आवाज आला, "थांबा साहेब, देवाची नाडी बघायल्यात त्या."

बायका हसल्या. आई म्हणाली, "त्याला नवं काय सांगू? आभाळ त्यालाबी दिसतंय."

पाळक हसले नाहीत. पुढच्या रविवारी ठराव वाचला गेला. भाकर आणि द्राक्षरसाचं तबक आईसमोरून तसंच पुढे गेलं.

मी तेव्हा लातूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पाळकांना त्यांच्याच शब्दाने गावासमोर तोंडघशी पाडायचं, असं मी ठरवलं. एसटीने नांदेड गाठलं. तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात चर्चच्या इतिहासाचा एक जुना ग्रंथ होता. दोन दिवस टिपणं काढली.

शब्द सतराव्या शतकातला निघाला. रोममध्ये राहणारा एक स्पॅनिश धर्मगुरू शिकवत असे, की आत्म्याने स्वतःची इच्छा पूर्ण सोडावी, काही करू नये, काही मागू नये. देव आत काम करतो. त्याला मानणारे पुष्कळ होते. पुढे चर्चने त्याची शिकवण पाखंड ठरवली आणि तो तुरुंगातच मेला. फ्रान्समध्ये हेच सांगणाऱ्या एका विधवेला कैद झाली. खुद्द शांत प्रार्थना मात्र चर्चला मान्य होती. तिची परंपरा त्याहून जुनी, संतांची. आक्षेप पुढच्या पायरीला होता: माणसाने स्वतःच्या तारणाची, म्हणजे स्वर्गाचीही इच्छा धरू नये, या म्हणण्याला.

म्हणजे पाळक चुकले होते. दिवसभर जखमा धुणारी बाई निष्क्रिय नव्हती, आणि गप्प राहणं हा गुन्हा नव्हता. हे मी मुद्देसूद लिहिलं. पाळकांचं अज्ञान वाक्यावाक्यात उघडं केलं. लिहिताना बरं वाटत होतं. शेवटाला आईचं म्हणणं हवं, म्हणून तिला विचारलं.

"मागत न्हाई मी काहीच," ती भाजी निवडत म्हणाली. "पाऊस न्हाई, सुख न्हाई. स्वर्गबी मागत न्हाई. द्यायचा तर दे म्हणावं, न्हाई तर ऱ्हाऊ दे." देठं बाजूला सारत म्हणाली, "हे छापू नकोस बाबा."

मी ते शब्दशः छापलं. वाक्य चांगलं होतं.

लेख रविवारी आला. मंडळीच्या कमिटीने तो चर्चमध्येच वाचला. बुधवारी पाळकांनी मला बोलावलं. टेबलावर कात्रण होतं, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ.

"मी एका शब्दात लिहिलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही पुरावा दिलात. आभारी आहे."

कात्रण ठरावाला जोडण्यात आलं. नाव वगळण्याची मुदत आधी तीन महिन्यांची होती. ती बेमुदत झाली. आईला मी सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "जेवलास का?"

पाळकांची बदली झाली तेव्हा निरोप समारंभाची बातमी फोटोसह माझ्या टेबलावर आली. मी ती फाडून टोपलीत टाकली. आमच्या अंकात ती आली नाही. त्या दिवशीही प्रभुभोजनाच्या यादीत आईचं नाव नव्हतं.