हजेरी न पुकारणारे गुरुजी

कुंडलिक गुरुजी कधी नावं पुकारून हजेरी घेत नसत. बाकांवरून नुसती नजर फिरवायची आणि हजेरी पटावर मांडायची. आम्ही म्हणायचो, काय आळशी माणूस! खरं कारण शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींचा जन्म सेटलमेंटमधला, काटेरी तारेच्या आतला. इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि तिथं कोंडलं होतं. शिपायानं नाव पुकारलं की लहानग्यांनाही 'हजर' म्हणत उभं राहावं लागे. हे बाहेर फुटलं असतं, तर गुरुजींची भाड्याची खोली त्याच दिवशी गेली असती. खोली माझ्या काकांची, चनबसप्पांची, आमच्या घराला लागूनच.

चौऱ्याहत्तर साली सातवीच्या वर्गात गुरुजी तोच कायदा शिकवत होते. आमच्या पुस्तकात त्यावर ओळसुद्धा नव्हती. "चोरी केली म्हणून नव्हे, जन्मला म्हणून चोर," ते म्हणाले.

"गुरुजी, ती मानसं आता कुटं हायती?" ईरम्मानं विचारलं.

"इथंच की," म्हणून गुरुजी फळ्याकडं वळले.

तेवढ्यात हेडमास्तर तरातरा आत आले. नळावर काढून ठेवलेलं त्यांचं घड्याळ गायब झालं होतं. "सेटलमेंटच्या पोरांची नावं पुकारा. झडती घ्यायचीय."

तार कधीच निघाली होती, पण त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणत. तिकडची वर्गात दोघंच होती, श्रीमंत आणि बजाबाई. श्रीमंतनं तर कुणी सांगायच्या आधीच खिसे उलटे केले. सवयच झालेली बिचाऱ्याला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गुरुजींनी पट उघडला.

"पुकारा की!" हेडमास्तर ओरडले.

गुरुजींनी पट मिटला आणि मोठ्यानं पुकारलं, "कुंडलिक धोंडीराम जाधव." मग स्वतःच म्हणाले, "हजर. सर, मीही तारेच्या आतलाच. झडती माझ्यापासून सुरू करा." त्यांनी खिसे टेबलावर रिकामे केले. खडूचे तुकडे, रुमाल, काकांच्या खोलीची किल्ली.

हेडमास्तर कुणाला हात न लावता निघून गेले. घड्याळ पुढं त्यांच्याच कोटात सापडलं म्हणे.

बातमी मात्र माझ्याआधी घरी पोचली. संध्याकाळी काकांनी गुरुजींची ट्रंक ओट्यावर काढून ठेवलेली होती. ती उचलायला श्रीमंतचा बाप आला. "चला गुरुजी, आपल्याकडं जागा हाय की."

गुरुजींनी किल्ली काकांच्या हातात दिली आणि ते निघाले.

मला राहवेना. "काका, आपलं काही चोरीला गेलं का हो कधी?"

"न्हाय," काका म्हणाले, आणि खोलीचं कुलूप बदलायला बसले.