यादीतला दुसरा तोफगोळा

मार्च लागला आणि काजूच्या बोंडांचा वास सुटला की ते प्रकरण माझ्या डोक्यात पुन्हा फिरू लागतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. कागदोपत्री ते सरळ प्रकरण होतं: तपास पूर्ण, कुणी जखमी नाही, वरिष्ठांची शाबासकी. तरीही ते मला स्वस्थ बसू देत नाही.

मी तेव्हा पेडणे पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. डिचोली ठाण्याचा फोन आला. तिथल्या एका छोट्या खाजगी संग्रहालयाला कुणीतरी जुन्या लष्करी वस्तू दान केल्या होत्या. एक तलवार, एक शिरस्त्राण, पट्ट्यांची पितळी बकलं, काडतुसांची रिकामी नळकांडी आणि हातभर लांबीचा एक तोफगोळा. संग्रहालयात मदतीला येणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी गोळा पाहिला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बॉम्बनाशक पथकाने तपासलं. गोळा जिवंत होता, दारू आत तशीच.

डिचोलीच्या निरीक्षकांनी दात्याची हस्तलिखित यादी मला फोनवर वाचून दाखवली. सातव्या ओळीवर मी त्यांना थांबवलं. तिथे लिहिलं होतं, 'तोफगोळे, दोन.'

पोचला होता एक.

दाता म्हणजे डिचोलीत राहणारा एक निवृत्त कारकून. वस्तू आमच्या हद्दीतल्या पार्से गावातल्या त्याच्या घरातल्या. पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांच्या सोडून दिलेल्या चौकीजवळून वडिलांनी उचलून आणलेल्या. त्या घरी आता थोरला भाऊ राहत होता. कारकुनाला मी ठाण्यात बोलावलं. त्याने सांगितलं, "यादी मी लिहिली, साहेब. दोन्ही गोळे पडवीत होते, मी खूण केली. टेम्पोत सामान दादाने चढवलं."

दुपारी मी, एक हवालदार आणि तो कारकून, असे तिघे पार्शाला गेलो. निघण्यापूर्वी वरून सूचना आली होती: गोळा जिवंत असल्याचं गावात बोलायचं नाही, घबराट होईल. ती मी तंतोतंत पाळली, कारकुनालाही काही सांगितलं नाही. थोरल्याला एवढंच म्हणालो की संग्रहालयाला दुसरा गोळा हवा आहे.

थोरला सत्तरीकडे झुकलेला, उघड्या अंगाचा, काटक माणूस. त्याने जीपकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे पाहिलं.

"गोळो? तो मी न्हंयत टाकलंय, सायब. पुलाच्या खाली. माका त्येचो उपेग काय?"

"दादा, यादीत दोन लिहिलेत. मी खूण केलीय," कारकून म्हणाला.

"मगे तुझी खूणच दी तेंका, म्युझियमात ठेवूक."

हवालदार हसला, मीही हसलो. मग थोरला स्वतःहून म्हणाला, "आणि औंदा भट्टी-बिट्टी काय लावली नाय हां. काजी धरूकच नाय."

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण त्याचा विचार केला नाही. ही माझी पहिली चूक. माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो तेव्हा तिथेच थांबायला हवं. मी नदीवर गेलो. अग्निशमन दलाचे दोन पोहणारे अंधार पडेपर्यंत पुलाखालचा चिखल चाचपत होते. बाटल्या निघाल्या, सायकलचं चाक निघालं. गोळा नाही. मी काठावर येरझारा घालत होतो. पथकाचे अधिकारी दर तासाला फोन करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. पुन्हा तेच प्रश्न, तीच उत्तरं. कुठल्या बाजूने टाकला? "खालच्या." कोण होतं बरोबर? "कोण नाय." ऊन चढलं होतं. आम्ही अंगणात घाम पुसत उभे होतो, तेवढ्यात थोरल्याची बायको आतून तीन पेले घेऊन आली.

"इतक्या उन्नात इलात, घोटभर निरो घेवा. सकाळचोच असा."

निरो म्हणजे बोंडं तुडवून रस काढल्यावर उरलेला चोथा वजनाखाली दाबून ठेवतात, त्यातून थेंब थेंब ठिबकणारा रस. तो सकाळी गोड असतो आणि संध्याकाळपर्यंत आंबून जातो. साठवून ठेवायची ती वस्तू नव्हे. दारात आलेल्या माणसाला, मग तो पोलीस का असेना, तसाच परत पाठवणं त्या बाईच्या स्वभावात नव्हतं.

आमचा हवालदार सावंतवाडीकडचा. त्याने पेला एका दमात संपवला. "वयनी, काजी धरूक नाय म्हणतत, मगे ह्यो निरो आभाळातसून गळलो?"

थोरला बायकोवर खेकसला, "तुका कोणी सांगलेला?"

"कोणी सांगूक कित्याक होया? माणसां तानेली असत," ती म्हणाली आणि पेले घेऊन आत गेली.

मी थोरल्याच्या पायांकडे पाहिलं. तळव्यांच्या कडा रसाने काळ्या पडल्या होत्या. काजूच्या दारूची भट्टी चालू होती. त्या वर्षी त्याच्याकडे परवाना नव्हता आणि तो घाबरत होता अबकारी खात्याला. गोळ्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. मी त्याला एकट्याला फणसाखाली नेलं.

"भट्टीशी माझं काम नाही. गोळा कुठे आहे तेवढं सांगा."

"अबकारीवाल्यांक कळात?"

"नाही कळणार. माझा शब्द."

त्याने घरामागच्या चढणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चोथ्यावर असा. दगडांवांगडा. जड असा, बरो दाबता."

घरामागची चढण मी आयुष्यात इतक्या वेगाने कधी चढलो नसेन. वर काजूंच्या सावलीत कोळंबी होती, म्हणजे बोंडं तुडवायचं दगडी कुंड. शेजारी वेलींनी बांधलेला चोथ्याचा ढीग, त्यावर फळी, फळीवर तीन चिरे आणि त्यांच्या मधोमध तो गोळा. तिथून पाच पावलांवर भट्टी पेटलेली, वर दारू गाळायचं तांब्याचं भाण. थोरल्याची सून आगीत लाकूड सारत होती. दोन मजूर बोंडं ओतत होते. ठिणगी उडून चिऱ्यावर पडली, ती मी पाहिली.

"बाई, ते लाकूड खाली ठेवा आणि माझ्याकडे या. धावू नका."

ती आली. मजूर आले. पथक येऊन पोचेपर्यंत आम्ही सगळे खाली रस्त्यावर उभे होतो. दुपारी सड्यावरच्या, म्हणजे टेकडीमाथ्याच्या, मोकळ्या कातळावर गोळा फोडला. माणूस उभा मावेल एवढा खड्डा पडला. तो आवाज ऐकल्यावर थोरला सुनेजवळ जाऊन उभा राहिला. तोवर त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मग पंचनामा आला. सापडल्याचं ठिकाण लिहायचं होतं. हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, 'बागायतीत' लिहूया." पण पथकाच्या फोटोंत भट्टी होती, पंचांनी ती पाहिली होती. मी जे होतं ते लिहिलं. पंचनाम्यात आपल्या सोयीचं लिहायची सवय मी कधी लावून घेतली नाही. चार दिवसांनी अबकारी खात्याने प्रत मागवली. आठवड्याच्या आत भट्टी बंद झाली आणि भाण जप्त झालं.

जबाबावर सही करायला थोरला ठाण्यात आला, तेव्हा मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. सही केली, पेन नीट टेबलावर ठेवलं.

"गोळो बापाशीन आणललो, भाण आज्याचा," तो म्हणाला. "तुमी दोनूय न्हेलात."

आवाज चढलेला नव्हता. मी कायदा समजावायला तोंड उघडलं, तोवर तो पायऱ्या उतरून गेला होता.

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायची वेळ येते तेव्हा मी हे प्रकरण सांगतो. समोरचा खोटं बोलत असेल तर त्याला नेमकी कशाची भीती आहे ते आधी शोधा, हे सांगतो. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नका, हेही सांगतो. ते वहीत उतरवून घेतात.

एक गोष्ट मात्र मला तिथे नीट सांगता येत नाही, ती इथे लिहितो. त्या फणसाखाली मला शब्द द्यायची गरजच नव्हती. गोळा जिवंत आहे, एवढं खरं सांगितलं असतं तर तो माणूस माझ्या आधी ती चढण चढला असता. सून वर होती. भाण तेव्हाही गेलं असतं, पण ते त्याने स्वतः सोडलेलं असतं. मी सूचना पाळली आणि त्याला ती संधी दिली नाही.